उपवासापासून सुरुवात करा

शाळेत धर्म शिकवावा का, आणि शिकवायचा तर कसा, असं तुम्ही विचारलंय. मी पुण्यात पेठेतल्या एका अनुदानित शाळेत बावीस वर्षं इतिहास शिकवला, त्यावरून सांगतो.

आधी कायद्याचं. राज्यघटनेच्या कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्या तासाला बसवता येत नाही. धर्मांची माहिती देणं मात्र वेगळं. त्याला या कलमाची आडकाठी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सांगितलंय. तरी आमच्याकडे मूल्यशिक्षणाचा तास गणिताचा पोर्शन संपवायला जायचा.

एकदा आषाढीच्या आदल्या दिवशी सातवीच्या वर्गाला विचारलं, घरी उपवासाला काय खाता? साबुदाण्याची खिचडी, वरई, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, फळा भरला. मागच्या बाकावरचा म्हणाला, "सर, रोज्यात पाणीपण नाही." एक जैन मुलगी म्हणाली, "आमची आजी पर्युषणात आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी पिते, तेपण दिवस मावळेपर्यंतच." वर्ग चिडीचूप. मग पहिल्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे आमचंच एकादशी, दुप्पट खाशी!" पुढचा अर्धा तास मला तोंड उघडावं लागलं नाही. उपवास करायचाच कशाला, यावर पोरंच भांडत होती.

दोन दिवसांनी एक पालक तणतणत आले, "मुलाला रोजे शिकवता का?" मुलाची वही पुढे केली. तीत खिचडीच जास्त होती.

पथ्य एकच पाळायचो. "देवाने असं सांगितलंय" म्हणायचं नाही, "वारकरी असं मानतात", "मुसलमान असं मानतात" म्हणायचं. आणि श्रद्धेला मार्क नाहीत.

हे काही माझं डोकं नव्हे. जोतीराव फुल्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये छापलेल्या पुस्तकात एकाच घरातली बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असावा, कुणी कुणाचा द्वेष करू नये, असं लिहिलंय. तेही याच पुण्यातल्या माणसाने.

त्या दिवशी माझी एक चूक झाली. एक मुलगी हळूच म्हणाली होती, "आमच्याकडे कुणीच काही करत नाही, बाबा देव मानत नाहीत." ते फळ्यावर लिहायचं राहून गेलं. पुढच्या वर्षीपासून तो रकाना मी तास सुरू व्हायच्या आधीच आखून ठेवायचो.