तोरण नंतर, आधी चकती

अगं, क्रोशाचं विणकाम शिकताना पहिल्यांदाच दाराचं तोरण कशाला घेतेस? चहाच्या कपाखालची गोल चकती कर. खडेबाजारातून मध्यम जाडीची फिकट लोकर आण, काळ्यावर टाके दिसतच नाहीत. आकड्याची सुई 4 मिमीची. पहिल्या फेरीत 6 मुके खांब, म्हणजे सुईवर वेढा न घेता घातलेले बुटके टाके, पुढं दर फेरीला 6 वाढव. कडा वर उचलली तर वाढ कमी पडली. झालर आली तर जास्त झाली. मग उसव की, त्यात काय! हात बसला की रंग कितीही भडक घे, पण गरम पातेल्याखाली सुतीच धागा, अ‍ॅक्रिलिक वितळतं. उद्या तूच गल्लीतल्या पोरींना शिकवशील, तेव्हा डावखुरीला शेजारी नको, समोर बसव. तुझा हात बघून तिला नेमकं जमतं.