डायव्हर्टिक्युलायटिसचा त्रास दोनदा झाल्यावर ऑपरेशन करावेच लागते का?

तुमच्या वडिलांना दोन वर्षांत दोनदा डायव्हर्टिक्युलायटिस (मोठ्या आतड्याच्या भिंतीवर फुगून आलेल्या छोट्या पिशव्यांना येणारी सूज) झाला, दोन्ही वेळा तो अँटिबायोटिकने आटोक्यात आला आणि आता आतडे फुटण्याच्या भीतीने ऑपरेशन उरकून घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी जनरल सर्जन आहे. रिपोर्ट पाहिल्याशिवाय हो किंवा नाही म्हणणे योग्य नाही, परंतु केवळ त्रासाच्या खेपा मोजून निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन खेपांनंतर शस्त्रक्रिया, हा एके काळी जवळजवळ दंडकच होता. पुढे असे लक्षात आले की आतडे फुटून पोटात पू पसरण्याचा धोका पहिल्याच खेपेस सर्वाधिक असतो. त्यामुळे आता मधल्या काळात दुखणे राहते का, सीटी स्कॅनमध्ये गळू दिसले होते का, आतडे अरुंद झाले आहे का, हे पाहतात. लघवीतून हवेचे बुडबुडे येत असतील, तर आतडे आणि मूत्राशय यांच्यात वाट तयार झाल्याची शंका घ्यावी. तिथे बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते. स्टेरॉइड चालू असलेल्या रुग्णांबाबतही आम्ही फार वाट पाहत नाही. नेदरलँड्समधील ‘डायरेक्ट’ या चाचणीत (2017) सतत त्रास असलेल्या रुग्णांचे जीवनमान शस्त्रक्रियेनंतर सुधारलेले आढळले, मात्र काहींचा आतड्याचा जोड गळलाही.

नियोजित शस्त्रक्रियेत सिग्मॉइड हा मोठ्या आतड्याचा गुदाशयाच्या आधीचा वळणदार भाग बहुधा दुर्बिणीतून काढतात. मोठ्या आतड्यावरून लांबीने जाणाऱ्या स्नायूंच्या तीन पट्ट्या जिथे पसरून एक होतात, तिथे गुदाशय सुरू होतो, आणि खालचा जोड तिथेच घ्यावा लागतो. सिग्मॉइडचा तुकडा मागे राहिला तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. वरच्या भागातील उरलेल्या पिशव्यांना सहसा हात लावत नाहीत.

शौच गोळा करण्यासाठी पोटावर लावायच्या पिशवीची भीती मुख्यतः तातडीच्या ऑपरेशनची आहे. हार्टमन पद्धतीत आतडे लगेच न जोडता त्याचे टोक पोटावर आणतात, आणि बऱ्याच रुग्णांचे ते पुन्हा कधीच जोडले जात नाही. प्रकृती स्थिर असेल तर हल्ली तेव्हाच जोड घेऊन तात्पुरती पिशवी ठेवण्याकडे कल आहे. नियोजित ऑपरेशनमध्ये ती सहसा लागत नाही.

सूज उतरल्यावर साधारण सहा आठवड्यांनी कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी) झाली नसेल, तर ती आधी करून घ्या. सीटीवर कर्करोगही असाच दिसू शकतो.