लॉर्ड एल्फिन्स्टन की नुसतेच एल्फिन्स्टन?

प्रश्न असा आहे: मुंबईच्या इतिहासात कुठे 'माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन' तर कुठे 'लॉर्ड एल्फिन्स्टन' असं लिहिलेलं दिसतं. माणूस एकच का? आणि नावामागे 'लॉर्ड' लावावं का?

माणसं दोन, सख्खे काका-पुतणे. माउंटस्टुअर्ट १८१९ ते १८२७ मुंबईचे गव्हर्नर होते, त्याआधी पुण्यात पेशव्यांकडे रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचे वकील. पुतणे जॉन १८५३ ते १८६० त्याच जागेवर होते. त्यांतले लॉर्ड फक्त जॉन.

गोंधळ आपल्या भाषेमुळे वाढतो. 'लॉर्ड'चं आपण 'लाट' केलं आणि गव्हर्नर तो लाटसाहेब, असं समीकरण बसलं. शब्द हुद्द्याला चिकटला, म्हणून कुठल्याही गव्हर्नरामागे 'लॉर्ड' लिहायला हात सरसावतो. स्कॉटलंडात मात्र तो घराण्याचा किताब आहे. एल्फिन्स्टनांना तो १५१० मध्ये मिळाला. किताब एका वेळी एकाकडेच असतो. आपल्याकडे देशमुखांचे चारही भाऊ देशमुख, तिथे चार भावांत लॉर्ड एकच. माउंटस्टुअर्ट अकराव्या लॉर्डांचे धाकटे चिरंजीव. किताब थोरल्या भावाकडे गेला आणि त्यांच्यामागून त्यांचे चिरंजीव जॉन तेरावे लॉर्ड झाले.

त्यात इथे आडनाव आणि किताब एकच. डलहौसींचं तसं नाही: डलहौसी हा किताब, घराणं रॅमसे, त्यामुळे त्यांचा भाऊबंद 'डलहौसी' म्हणवून घेत नाही. एल्फिन्स्टनांत ही सोय नाही. १८४२ मध्ये काबूलहून माघारी निघालेल्या फौजेचे सेनापतीही याच कुळातले, माउंटस्टुअर्टांचे चुलतभाऊ. तेही लॉर्ड नव्हेत.

आणखी एक चूक वारंवार दिसते, ती मला जास्त खटकते: १५१०च्या किताबाला 'बॅरन' म्हणणं. इंग्लंडात सरदारांची सगळ्यात खालची पायरी बॅरन, पण स्कॉटलंडात तिला 'लॉर्ड ऑफ पार्लमेंट' म्हणतात. तिथला बॅरन म्हणजे जुन्या पद्धतीचा जमीनधारक. मात्र जॉन यांना १८५९ मध्ये वेगळा, युनायटेड किंगडमचा बॅरन किताब मिळाला, तेव्हा त्यांच्यापुरतं 'बॅरन' बरोबर ठरतं. पुढच्याच वर्षी ते अविवाहित वारले आणि तो किताब बुडाला. जुना स्कॉटिश किताब चुलतभावाकडे गेला, आजही चालू आहे.

तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेज काकांच्या नावाचं, तिथे 'लॉर्ड' नको. २०१८ मध्ये प्रभादेवी झालेलं एल्फिन्स्टन रोड स्थानक आणि आजचं हॉर्निमन सर्कल, म्हणजे पूर्वीचं एल्फिन्स्टन सर्कल, ही नावं पुतण्याची. तिथे 'लॉर्ड' खुशाल लिहा.