पंक्तिपावन म्हणजे नक्की काय हो?

प्रश्न: आम्ही इंदूरचे, रामबागेत राहतो. सासूबाई परवा म्हणाल्या की काकांना पंक्तिपावन करून घेतलं, ते चार वर्षं रुसून बसले होते म्हणून. आमच्या हिंदीवाल्या सूनबाईला वाटलं काहीतरी पूजा आहे 😄 खरा अर्थ काय?

उत्तर: सूनबाईंचं अगदीच चुकलं नाही, पावन शब्द आहेच ना त्यात. पण गंमत बघा, संस्कृतात पंक्तिपावन म्हणजे जो बसला की अख्खी पंगत पवित्र होते असा विद्वान ब्राह्मण, मनुस्मृतीत श्राद्धाच्या जेवणासंदर्भात येतो तो, आणि मराठीत आल्यावर अर्थ पार उलटला, म्हणजे आता पंगत त्याला पावन करते. पूर्वी वाळीत टाकलेल्या माणसाला प्रायश्चित्त द्यायचे आणि मग सगळ्यांसोबत पानावर बसवायचे, तो जेवला की झाला पंक्तिपावन. म्हणजे जातीत परत घेतल्याची पावती कागदावर नाही, ताटावर! (१६७६ मध्ये शिवाजी महाराजांनी नेताजी पालकरांना धर्मात परत घेतलं, तिथे मात्र शुद्धी हा शब्द वापरतात.)

आता ते जातीचं ओझं नकोच, महाराष्ट्रात तर वाळीत टाकण्याविरुद्ध कायदाच आहे. पण फॅमिली ग्रुपमधून काढलेल्या मामांना परत ॲड केलं, पक्ष सोडून गेलेला नेता परत आला, तिथे हा शब्द टोमणा म्हणून फक्कड बसतो. कॉलेजात परत ॲडमिशन मिळाली तर नका वापरू, तिथे साधं पुनर्प्रवेश म्हणा. आणि काकांना पोहे-जिलबी दिलीत की नाही?