गच्चीवरचं वेदर स्टेशन पाऊस नेहमी कमीच दाखवतं, बरोबर कसा मोजायचा?

तुम्ही लिहिलंय की मानेवाड्याला घराच्या गच्चीवर टाकीजवळ स्टेशन लावलंय आणि पेपरात 45 मिमी छापून आला की तुमच्याकडे 31 असतो, मग मशीन परत करू का? थांबा, परत नका करू. मी पण याच फेऱ्यातून गेलोय, तीन पावसाळे घातले याच्यात, आणि बायकोच्या मते डोकं पण.

आधी पेपरातला आकडा बाजूला ठेवा. तो बहुतेक वेळा सोनेगावला विमानतळावर हवामान खात्याचं केंद्र आहे तिथला असतो, आणि आपल्या नागपूरचा पाऊस कसा आहे हे काय सांगायचं तुम्हाला, वर्धा रोडवर वायपर फुल स्पीडला आणि जरीपटक्यात रस्ता कोरडा ठणठणीत. गडगडाटी पावसात पाच-सात किलोमीटरवर दुप्पट फरक सहज पडतो. दुसरं म्हणजे त्यांचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत जे पडलं ते आजच्या तारखेला लिहितात. आपलं स्टेशन रात्री बाराला शून्य होतं. म्हणजे रात्री अकरा ते दोन पडलेला पाऊस तुमच्याकडे दोन तारखांत वाटला जातो आणि त्यांच्याकडे एकाच. माझा अर्धा मनस्ताप हे कळल्यावरच गेला.

आता उरलेला फरक. तो दोनच ठिकाणांहून येऊ शकतो, एक तर मशीन चुकीचं मोजतंय नाहीतर पाणी मशीनपर्यंत पोचतच नाहीये. लोक हे वेगळं करत नाहीत आणि सरळ सेटिंगमध्ये जाऊन आकडा वाढवून मोकळे होतात, मी पण तेच केलं होतं. मग वारा नसलेल्या दिवशी पाऊस जास्त दाखवायला लागलं.

मशीन तपासायला आधी ते कसं चालतं ते बघा. वरचा फनेल काढा, आत एक छोटा सी-सॉ दिसेल, दोन बाजूला दोन चमच्यासारखे खोलगट कप. एक भरला की टक्क करून पलटतो, पाणी सांडतो आणि दुसरा फनेलखाली येतो. प्रत्येक टक्क म्हणजे ठराविक पाऊस, बहुतेक 0.2 मिमी, काहींत 0.254, तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल. (ही युक्ती सतराव्या शतकातली आहे, लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल बांधणाऱ्या क्रिस्टोफर रेनची. पाऊस मोजणाऱ्याचं आडनाव रेन, स्पेलिंग वेगळं आहे पण मला फार मजा वाटते याची.)

आता फनेलच्या तोंडाचा व्यास मोजा, आतल्या काठापासून आतल्या काठापर्यंत. माझा 16 सेंमी आहे, म्हणजे क्षेत्रफळ 201 चौरस सेंमी, म्हणजे 10 मिमी पावसाला 201 मिली पाणी, 0.2 वाल्या कपाला 50 वेळा टक्क. हे पाणी एकदम ओतायचं नाही, ओतलं की कप पलटता पलटता बरंच पाणी फुकट जातं आणि आकडा कमीच येतो. मी काय केलं, मेडिकलमधून सलाईनचा सेट आणला, दुकानदारानं विचारलं पेशंट कुठे आहे, म्हटलं गच्चीवर आहे. एका बाटलीत 201 मिली पाणी, किचनच्या वजनकाट्यावर 201 ग्रॅम तोलून, आणि ती रोलरवाली चकरी फिरवून मिनिटाला साधारण 100 थेंब, पाऊण तासात बाटली रिकामी. खाली बसून मोजत बसायची गरज नाही, स्क्रीनच सांगते. मात्र त्याआधी स्टेशन लेव्हलमध्ये आहे का ते बघा, त्याच्यावर गोल बुडबुडा दिलेला असतो तो मधोमध हवा, जरा जरी कललं तरी एक कप लवकर पलटतो आणि दुसरा उशिरा.

माझं 8.6 मिमी आलं. दोनदा केलं, दोन्ही वेळा जवळपास तेच. तेव्हा सेटिंगमध्ये पावसाचा गुणक 1.16 टाकला, 10 भागिले 8.6. हा आकडा वाढवायचा तो एवढ्यापुरताच, टेस्टमधून आलेला. तुमचं टेस्टमध्ये 9.8 किंवा 10 आलं तर मशीन ठीक आहे, गुणकाला हात लावू नका, दोष जागेत आहे. आणि टाकीजवळ लावलंय म्हणता म्हणजे मला वाटतं जागाच आहे.

गच्चीवर होतं काय, वारा घराच्या भिंतीला आपटतो आणि कठड्यावरून वर उसळतो, त्याच्यासोबत थेंब पण वर आणि पलीकडे जातात, फनेलमध्ये पडायचे ते शेजाऱ्याच्या अंगणात. वारा जितका जास्त तितका पाऊस कमी मोजला जातो. आणि टाकी एका बाजूचा पाऊस अडवते ते वेगळं. नियम साधा आहे, जी वस्तू फनेलच्या काठापेक्षा जेवढी उंच असेल त्याच्या किमान दुप्पट लांब मापक हवं. टाकी काठापेक्षा दोन मीटर उंच असेल तर चार मीटर. हवामान खात्याच्या साध्या पर्जन्यमापकाचं तोंड जमिनीपासून जेमतेम 30 सेंमीवर असतं, मोकळ्या जागेत. आपल्या ऑल-इन-वन स्टेशनची गोम इथेच आहे, वाऱ्याच्या पंख्याला उंची पाहिजे आणि पावसाला जमीन पाहिजे, दोघांना एका दांड्यावर बसवलंय. जमत असेल तर पावसाचा भाग वेगळा मिळणारं मॉडेल घ्या आणि अंगणात लावा. खाली फरशी नको, गवत हवं, फरशीवरून थेंब उडून आत येतात. अंगण नसेल तर गच्चीच्या मधोमध, टाकी आणि जिन्याच्या खोलीपासून जितकं लांब जाईल तितकं.

आणि एक गोष्ट जिला पर्याय नाही. बाजूला एक साधा हातानं वाचायचा मापक ठेवा. प्लॅस्टिकचे मिळतात, नाहीतर सरळ बाजूंचा डबा घ्या, त्याच्यावर फनेल लावा आणि सकाळी साडेआठला पाणी किचनच्या काट्यावर तोला. जितके मिली ते गुणिले दहा, भागिले फनेलचं क्षेत्रफळ, झाले मिलीमीटर. म्हणजे 16 सेंमीच्या फनेलला 20 ग्रॅम पाणी म्हणजे 1 मिमी. रिकाम्या डब्याचं वजन आधी लिहून ठेवा, नाहीतर मी केलं तसं होतं, पहिल्या दिवशी 9 मिमी पाऊस डब्याचाच पडला. एका पावसावरून निकाल देऊ नका, आठ-दहा पावसांची बेरीज दोन्हीकडे करून बघा.

जोराच्या पावसात मात्र स्टेशन थोडं मागे पडणारच, ते मान्य करून चाला. तासाला 100 मिमीच्या दरानं पडत असेल तर 0.2 वाला कप दर सात सेकंदांनी पलटतो, आणि पलटायला लागणाऱ्या क्षणात वरून पाणी येतच असतं, दोन-चार टक्के तिथेच जातात. 2023 च्या सप्टेंबरमध्ये अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला ती रात्र आठवते ना, 22 ची रात्र 23 ची पहाट, शहरात शंभरच्या वर पडला आणि सकाळी माझ्या स्क्रीनवर 74 होते. मी मशीनला शिव्या घातल्या. आता वाटतं थोडं कपामुळे, थोडं कठड्यामुळे आणि बाकी आमच्याकडे खरंच कमी पडला असेल. बाजूला डबा असता तर कळलं असतं, नव्हता.

शेवटचं, कचरा. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला, धो धो अर्धा तास, स्क्रीनवर 2 मिमी. मग ऊन पडलं आणि ऊन पडल्यावर चार वाजेपर्यंत स्टेशन म्हणे पाऊस पडून राहिला बाप्पा, 0.4, 0.4, 0.4. वर जाऊन बघतो तर फनेलमध्ये कूलरच्या पॅडची वुडवूल कोंबलेली, साळुंकीनं घरटं बांधायला काढलं होतं, वर पाणी साचलेलं आणि खालून थेंब थेंब. आभाळ स्वच्छ असताना ग्राफवर सपाट लांब शेपूट दिसली की समजून जा फनेल तुंबलंय. काठाला बाहेरून केबल टाय उभे बांधले, पक्षी बसत नाहीत. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी फनेल उघडून पुसतो, कपात कोळ्याचं जाळं निघतं, एकदा छोटी पाल निघाली. आणि दांडा घट्ट आवळा, वादळात थरथरला की पाऊस नसतानाही टक्क टक्क करून एक-दोन मिमी दाखवतो, मे महिन्यातल्या धुळीच्या वादळात माझ्याकडे असा पाऊस बरेचदा पडलाय.

एक सांगून ठेवतो, गावाकडे शेती असेल आणि अतिवृष्टीच्या भरपाईला लागणाऱ्या 65 मिमीसाठी हे मोजत असाल तर घरच्या आकड्याला कोणी विचारत नाही, तिथे महसूल मंडळाचाच आकडा चालतो. बाकी तुम्ही या रविवारी सलाईनवाली टेस्ट करून घ्या, मग टाकीपासून हलवायचं का ते ठरवा, आधी हलवू नका नाहीतर दोन्ही गोष्टी एकदम बदलतील आणि काहीच कळणार नाही.