ड्राफ्टआधी काय बघायचं?

प्रश्न: न्यू जर्सीत असतो, ऑफिसच्या फँटसी फुटबॉल लीगमध्ये (खरे अमेरिकन फुटबॉल खेळाडू आपल्या टीमसाठी निवडायचे, म्हणजे ड्राफ्ट, आणि त्यांच्या खेळावर गुण मिळवायचे) यंदा पहिल्यांदाच उतरतोय, मुलाला या खेळाडूंची कार्डं जमवायचा नाद लागलाय. दोन्हीला एकच अभ्यास चालेल का?

उत्तर: अर्धाच चालेल बघा. फँटसीत फक्त हा सीझन मोजायचा, म्हणून टचडाउनच्या (बॉल समोरच्या टोकाला नेऊन मिळवलेल्या गुणांच्या) आधी टार्गेट्स बघा, म्हणजे बॉल त्याच्याकडे किती वेळा फेकला. २०२३ ला पुका नाकुआ हा नवा रिसीव्हर (फेकलेला बॉल झेलणारा) NFL च्या, म्हणजे खऱ्या लीगच्या ड्राफ्टमध्ये पार १७७ वा निवडला गेलेला, पण त्याच्या टीमचा मुख्य रिसीव्हर कूपर कप जखमी होता आणि पहिल्याच मॅचला नाकुआकडे १५ वेळा बॉल आला, ज्यांनी फँटसीत तेव्हाच उचलला त्यांची चांदी झाली, सीझनला १४८६ यार्ड! कार्डात मात्र अख्खं करिअर बघतात, रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारे) लवकर थकतात, म्हणून क्वार्टरबॅकच्या (बॉल फेकणाऱ्याच्या) रूकी, म्हणजे पहिल्या वर्षाच्या कार्डाला जास्त मागणी. आणि घेताना कोपरे उजेडात धरून बघा, पांढरे पडले असतील तर भाव उतरलाच.