‘काय बे’, ‘बे एके बे’ आणि ‘माय बे’

सोलापूरहून आलेली चार पत्रे योगायोगाने एकाच अक्षराभोवती फिरणारी असल्यामुळे त्यांची उत्तरे या अंकात एकत्र दिली आहेत. पत्रांतील खासगी मजकूर गाळला आहे.

प्रश्न : माझा मुलगा यंदा अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी पुण्याला गेला. वसतिगृहात त्याने खोलीतील मुलाला सहज ‘काय बे, जेवलास का?’ असे विचारले, तर तो मुलगा रुसून बसला आणि ‘शिवी देऊन बोलू नकोस’ असे म्हणाला. आमच्याकडे तर उठता-बसता ‘बे’ असतो. शेजारचे एक गृहस्थ सांगतात, की हे ‘बेटा’चे लहान रूप आहे, दुसरे म्हणतात, की ‘बेवकूफ’चे. यातील खरे कोणते? ही शिवी आहे का? — एक पालक, सोलापूर

उत्तर : ‘बे’ ही शिवी नाही, आणि ते ‘बेटा’ किंवा ‘बेवकूफ’ यांचे लहान रूपही नाही. हिंदी-उर्दूतील ‘अबे’ या संबोधनाचे ते आखूड रूप आहे. मराठीत वाक्याच्या आरंभी ‘अरे’ येतो आणि पुढे ‘रे’ येतो, म्हणजे आपण ‘अरे, ऐक रे’ असे म्हणतो. अगदी तशीच जोडी ‘अबे’ आणि ‘बे’ यांची आहे. सोलापुरात ‘अबे, ऐक बे’ असे म्हणतील, ‘काय बे’, ‘चल बे’, ‘नाही बे’ असेही म्हणतील, पण ‘बे’ने वाक्य सुरू करणारा सोलापूरकर सापडणार नाही. ‘बेटा’ची व्युत्पत्ती मानली, तर ‘अबे’मधील ‘अ’ कोठून आला हे सांगता येत नाही. शिवाय ‘बेटा’ हा शब्द मोठ्याने धाकट्याला मायेने म्हणायचा, तर ‘बे’ बरोबरीच्यांत चालतो. ‘बेवकूफ’ची अडचणही तीच आहे, हिंदीत ‘अबे बेवकूफ’ असे दोन्ही शब्द लागोपाठ म्हणतात, ते एकाच शब्दाचे दोन तुकडे असते तर तसे म्हणण्याचे कारण नव्हते.

तथापि आपल्या मुलाच्या सोबत्याचे रुसणे अगदीच निराधार नाही. हिंदीत ‘अबे’ हा वरच्याने खालच्याला हाक मारण्याचा शब्द आहे, आणि ‘अबे-तबे करना’ या वाक्प्रचाराचा अर्थच समोरच्याचा मान न राखता बोलणे असा होतो. पुण्यातील मुलाच्या कानावर हा शब्द बहुधा हिंदी चित्रपटातील हवालदाराच्या किंवा गल्लीतल्या गुंडाच्या तोंडून पडलेला असतो. आपल्या मुलाने तो आजीच्या ओसरीवर, मित्रांच्या घोळक्यात आणि शेंगाचटणी-भाकरीच्या पंगतीत ऐकलेला आहे. शब्द एकच असला, तरी दोघांनी तो निरनिराळ्या घरांत ऐकला, एवढाच या रुसव्याचा अर्थ.

सोलापुरात हा शब्द कसा आला, हे समजण्यासाठी नकाशाकडे पाहावे लागते. बहमनी राज्य १३४७ मध्ये स्थापन झाले आणि त्याची राजधानी गुलबर्ग्याला गेली. पुढे विजापुरात आदिलशाही उभी राहिली. ही दोन्ही शहरे सोलापुरापासून साधारण १०० किलोमीटरच्या टप्प्यात आहेत. सोलापूरच्या किल्ल्यासाठी निजामशाही आणि आदिलशाही यांनी वारंवार तलवारी उपसल्या, आणि चांदबिबीच्या लग्नात हा किल्ला आदिलशाहीला आंदण मिळाला होता. या दरबारांत, लष्करी छावण्यांत आणि बाजारपेठांत जी दखनी बोली, म्हणजे हिंदी-उर्दूचे दक्षिणेतील रूप, वाढली, तिने मराठीकडून पुष्कळ घेतले आहे. दखनीतील ‘नक्को’ हा आपला ‘नको’ आहे, आणि ‘मैं इच जाता’ यातील जोर देणारा ‘च’ हाही मराठीच आहे. देवघेव एकतर्फी नसते, त्यामुळे ‘बे’ आपल्याकडे आला तर त्यात लाज वाटण्यासारखे मला तरी काही दिसत नाही.

नंतर गिरण्या आल्या. सोलापुरातील जुनी गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली, आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, कानडी बोलणारे, दखनी बोलणारे आणि आसपासच्या खेड्यांतील मराठी कामगार एकाच भोंग्यावर कामाला जाऊ लागले. यातील प्रत्येक भाषेजवळ सलगीने हाक मारण्याचे आपले एक अक्षर आहे. तेलुगूत पुरुषाला ‘एम् रा’ म्हणतात, उत्तर कर्नाटकातील कानडीत ‘एन् ले’ म्हणतात आणि मराठीत ‘काय रे’ म्हणतात. चार भाषा बोलणाऱ्या माणसांना परस्परांत वापरण्यासाठी बहुतेकांच्या घरचे नसलेले अक्षर सोयीचे पडते, आणि ‘बे’ने ती सोय केली असे माझे मत आहे. मराठीतील ‘रे’ला ‘गं’ आणि ‘हो’ अशी भावंडे आहेत, म्हणजे बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती पुरुष आहे, स्त्री आहे की आदराची आहे हे आधी ठरवावे लागते. ‘बे’ला ही भावंडे नाहीत, म्हणून महाविद्यालयातील मुलीही एकमेकींना बिनदिक्कत ‘काय बे’ म्हणतात.

अर्थ मात्र सुरावर ठरतो. लांबवलेला ‘काय बेऽ’ म्हणजे बऱ्याच दिवसांनी भेटलास, कुठे होतास. तुटक ‘काय बे?’ म्हणजे माझ्याकडे असा का पाहतोस. ‘हो बे’ ही मान्यता, ‘जा बे’ म्हणजे थापा मारू नकोस, आणि ‘गप बे’ म्हणजे खरोखरच गप्प बस. पत्रातील ‘काय बे, जेवलास का?’ यात विचारपूस आहे, हे सोलापुरातील कोणालाही सांगावे लागणार नाही. मर्यादा एकच आहे : ज्याला आपण ‘तुम्ही’ म्हणतो त्याला ‘बे’ म्हणता येत नाही. मित्रांच्या टोळक्याला ‘चला बे’ चालते, कारण तेथे अनेकवचन आहे, आदर नाही. मात्र सासऱ्यांना ‘चला बे’ म्हटल्यास पुढचे काही दिवस जेवण बाहेर करावे लागेल. आपल्या मुलाला एवढेच सांगावे, की पुण्यात ओळख पिकेपर्यंत ‘रे’वर भागवावे.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. पाढे म्हणताना एका मुलाने विचारले, ‘बाई, बे एके बे यातला बे कोणाला म्हणायचा?’ सगळा वर्ग हसला. ‘काय बे’, ‘बे एके बे’ आणि ‘बेइमान’ यांतील ‘बे’ एकच आहे का? — एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : हे तीन वेगळे शब्द आहेत, उच्चार तेवढा एक. पाढ्यातील ‘बे’ संस्कृत ‘द्वे’पासून प्राकृतमार्गे आलेला आहे. रोजच्या व्यवहारात मराठीने दोन या संख्येसाठी ‘दोन’ हा शब्द ठेवला आणि ‘बे’ला पाढ्यात बसवले; गुजरातीत मात्र आजही दोनला ‘बे’च म्हणतात, त्यामुळे सोलापूरच्या बाजारातील गुजराती व्यापाऱ्याच्या तोंडी ‘बे’ आला तर तो भाव सांगत असतो, हाक मारत नसतो. बारा, बावीस, बेचाळीस, बावन्न यांच्या आरंभीचा ‘ब’ही याच ‘द्व’चा वारसा आहे. मुठीत चिंचोके धरून ‘एकी की बेकी’ विचारण्याच्या खेळात मुलांना तो प्रत्यक्ष दाखवता येईल : चिंचोक्यांच्या जोड्या लावाव्यात, एक उरला तर एकी, काही उरले नाही तर बेकी. व्याख्या सांगण्यापेक्षा हे लवकर कळते.

‘बेइमान’मधील ‘बे’ फारसी उपसर्ग आहे आणि त्याचा अर्थ ‘विना’ असा होतो. तो मराठीत इतका रुळला, की आपण त्याला अस्सल देशी शब्दांच्या मानेवरही बसवले. ‘बेकायदा’ आणि ‘बेरोजगार’ हे बाहेरूनच जोडून आले, पण ‘बेचव’, ‘बेसूर’, ‘बेताल’, ‘बेभान’ यांत उपसर्ग फारसी आणि पुढचा शब्द आपला आहे. शुद्धीच्या आग्रहाने हे शब्द टाळणाऱ्यांनी ‘बेचव’ आमटीला दुसरा तितकाच नेमका शब्द सुचवून दाखवावा. उर्दू शाळेतील मुले ‘अलिफ, बे, पे’ म्हणतात, तो ‘बे’ म्हणजे वर्णमालेतील दुसरे अक्षर. त्याचा या तिघांशीही संबंध नाही.

प्रश्न : माझ्या मुलीच्या मोबाइलवर तिने एका फोटोखाली ‘माय बे’ असे लिहिलेले दिसले. हे काय आहे? आमच्या वेळी ‘बे’ असा इंग्रजीत नव्हता. — एक वडील, सोलापूर

उत्तर : हा ‘बे’ सोलापूरचा नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बोलीतून तो इंग्रजीत पसरला, आणि ‘बेबी’ किंवा ‘बेब’ यांचे ते लाडके आखूड रूप आहे. ज्याच्यावर आपला जीव आहे त्याला किंवा तिला ‘बे’ म्हणतात. २०१४ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशकारांनी वर्षाचा शब्द निवडताना अंतिम यादीत त्याचा समावेश केला होता. मान ‘व्हेप’ या शब्दाला मिळाला. ‘बिफोर एनीवन एल्स’ या तीन शब्दांच्या आद्याक्षरांपासून तो बनला, असे तरुण मंडळी खात्रीने सांगतात, पण हा अर्थ शब्द रूढ झाल्यावर मागाहून जुळवलेला आहे. बोलीतले शब्द आद्याक्षरांतून क्वचितच जन्मतात, आणि अशी जुळवाजुळव जितकी गोड, तितकी ती संशयास्पद समजावी. फोटोत कोण आहे, हे पत्रात लिहिलेले नाही. मुली हा शब्द जिवलग मैत्रिणीसाठी आणि घरच्या मांजरासाठीही वापरतात, तेव्हा चौकशी शांतपणे करावी.

प्रश्न : आम्ही एक एकांकिका बसवत आहोत. नायक सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमाग कामगार आहे. दिग्दर्शक नागपूरचे आहेत आणि ते त्याच्याकडून ‘का बे’ असे म्हणवून घेतात. नागपूरचा ‘बे’ आणि आमचा ‘बे’ यांत फरक आहे का? — एक नाट्यकर्मी, सोलापूर

उत्तर : मूळ एकच आहे, वाट वेगळी आहे. नागपूर १९५६ पर्यंत हिंदीभाषक मुलखाबरोबर एकाच प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानीही होते, म्हणून तेथील ‘बे’ शेजारच्या हिंदीतून आला. सोलापूर मुंबई इलाख्यात होते. तेथे तो दखनीतून आला. प्रेक्षकाला मात्र हा इतिहास ऐकू येत नाही, त्याला ‘बे’च्या आधीचे शब्द ऐकू येतात, आणि दिग्दर्शकांची गफलत तेथेच होत आहे. नागपूरकर ‘का बे, काय करून राहिला?’ असे विचारतो, तर सोलापूरकर ‘काय बे, काय करूलालास?’ असे विचारतो. नागपुरी ‘काहून बे’ सोलापूरच्या नायकाच्या तोंडी घातला, तर पहिल्या रांगेतील सोलापूरकर तेथेच हसेल, आणि ते हसू लेखकाने मागितलेले नसेल.

दुसरी सूचना अशी, की प्रत्येक वाक्याला ‘बे’ची शेपटी लावू नये. आपला नायक पद्मशाली घरातील असेल, तर तो घरी भावाशी तेलुगूत बोलेल आणि तेथे ‘रा’ येईल. मागावर शेजारच्या कामगाराशी मराठी बोलताना ‘बे’ येईल. मालकाशी बोलताना दोन्ही जातील आणि ‘हो’ व ‘या की’ येतील. कांडी बदलता बदलता हाच कामगार एका दमात या तीन पट्ट्यांतून जातो, आणि नटाला खरा अभ्यास तेथे आहे. भांडणाच्या प्रवेशात ‘तू कोण बे सांगणारा?’ हे वाक्य एकदाच येऊ द्यावे. ते दोनदा आले, की भांडण लुटुपुटीचे वाटू लागते. उच्चारात ‘बे’ ऱ्हस्व ठेवावा आणि आधीच्या शब्दाला चिकटवून बोलावा. ‘काय’ आणि ‘बे’ यांच्यामध्ये श्वास घेतला, तर नट पाढा म्हणतो आहे असे वाटेल.